कोणत्या घरापासून दूर? शिक्षणासाठीचे स्थलांतर आणि मराठी निवेदनाचे रूप

१

साठोत्तरी मराठी कादंबरीविषयीच्या विवेचनात 'परात्मता' ही संज्ञा इतकी रुळून गेली आहे की, तिचा उच्चार झाला म्हणजे अर्थनिर्णयन पूर्ण झाले असे मानण्याची सवय आपल्या समीक्षेला जडली. या संज्ञेला सर्वाधिक आधार पुरवला तो भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'ने. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचा निवेदक पांडुरंग सांगवीकर आपल्या गावाहून पुण्याला कॉलेजात येतो, वसतिगृहात राहतो, वादविवाद मंडळ, स्नेहसंमेलन, मित्रमंडळ अशा उलाढालींत पडतो, त्यांतून बाहेर फेकला जातो, परीक्षेत अपयशी ठरतो आणि गावी परततो. हे कथानक वाचताना समीक्षेने कादंबरीतील कॉलेज, वसतिगृह, खाणावळ यांना निमित्तमात्र मानले आणि त्यांच्यामागे 'आधुनिक माणसाचे एकाकीपण' पाहिले. सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय'शी (१९५१) तुलना झाली. अस्तित्ववादाचा धागा शोधला गेला. ही वाचने चुकीची होती असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे नाही. त्यांनी एक प्रश्न मात्र विचारलाच नाही. घरापासून दूर आलेला हा तरुण नेमक्या कोणत्या घरापासून दूर आलेला आहे?

हा प्रश्न वरवर समाजशास्त्रीय वाटतो. वस्तुतः तो रूपाचा प्रश्न आहे. घर सोडून शिकायला जाणाऱ्या निवेदकाला आपल्या अनुभवाविषयी कोणत्या स्वरात बोलता येते, उपरोध कोठे वापरता येतो, अपयश सांगणे कोणाला परवडते, कथन कोठे संपवता येते, या साऱ्या गोष्टी त्याच्या पाठीमागे असलेल्या किंवा नसलेल्या घरावर अवलंबून असतात. 'जुळवून घेणे' या शब्दप्रयोगात कर्ता एकच असतो. ज्याच्याशी जुळवायचे ते वसतिगृह, ती भाषा, ती पंगत जणू आधीपासून स्थिर आणि निर्विवाद आहे, आणि जुळण्याचे सारे उत्तरदायित्व आलेल्यावरच आहे, असे हे क्रियापद गृहीत धरते. मराठीतील महत्त्वाच्या संहितांनी हे गृहीतक वेगवेगळ्या बाजूंनी तपासले आहे. 'कोसला' आणि १९७८ नंतरची दलित आत्मकथने या दोन प्रवाहांना शेजारी ठेवून वाचले तर ही तपासणी स्पष्ट दिसते. आपण मात्र त्यांना दोन स्वतंत्र दालनांत ठेवले. एकाला 'अस्तित्ववादी', दुसऱ्याला 'सामाजिक' अशी पाटी लावली आणि मधले दार बंद केले.

२

या संहितांकडे वळण्यापूर्वी ज्या भौतिक व्यवस्थेतून हा अनुभव घडला तिचे थोडक्यात स्मरण करणे आवश्यक आहे. परगावी शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढचा पहिला प्रश्न जेवणाचा असतो. एकोणिसाव्या शतकातील पुण्यात गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यासाठी या प्रश्नाची दोन उत्तरे तयार होती : माधुकरी मागणे किंवा वार लावून जेवणे. आठवड्याचे सात वार सात घरी वाटून दिलेला हा विद्यार्थी दरिद्री असे, अनेकदा अपमानितही होई. पण परक्या गावात त्याला सात स्वयंपाकघरांची दारे उघडी असत, आणि ती त्याच्या जातीमुळे उघडी असत. आपण ज्याला 'स्वकष्टाने शिकलेला' म्हणतो त्या चरित्रनायकाच्या पाठीशी जातीने आयते पुरवलेले असे विस्तारित घर होते. मराठी चरित्र-आत्मचरित्रांतून माधुकरीच्या हालांची वर्णने विपुल आहेत. तिच्यामागील या सवलतीची जाणीव मात्र विरळच.

ज्यांना ही दारे उघडी नव्हती त्यांच्यासाठी घर नव्याने बांधावे लागले. कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि शाहू छत्रपतींच्या प्रोत्साहनाने वेगवेगळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांची वसतिगृहे एकामागून एक उभी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ सालचे. येथे प्रत्येक जातीला तिचे घर मिळाले; घरे मात्र वेगवेगळीच राहिली. साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी सुरू केलेल्या बोर्डिंगने पुढचे पाऊल टाकले. निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहू लागली, एका पंगतीत जेवू लागली आणि काम करून शिकू लागली. 'बोर्डिंग' हा शब्द मराठी ग्रामीण भाषेत इतका खोलवर रुजला तो यामुळेच. कित्येक कुटुंबांच्या बोलण्यात 'तो बोर्डिंगात होता' हे वाक्य 'तो शिकला' या वाक्याला पर्याय म्हणून येते.

१९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत पुढे 'मिलिंद' या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय, या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या दोन संस्थांनी या इतिहासाला निर्णायक वळण दिले. मराठवाड्यातील गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेल्या मुलांना मिलिंदच्या परिसरात वर्ग आणि वसतिगृह दोन्ही मिळाले. माधुकरीचा वार, जातीचे बोर्डिंग, सर्वांची पंगत, मिलिंदचे वसतिगृह असा हा क्रम आहे. यांतील प्रत्येक टप्प्यावर 'घरापासून दूर' या शब्दांचा अर्थ बदलतो. मराठी साहित्यातील विद्यार्थी-निवेदकाची कथा या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे.

३

'कोसला'चा निवेदक या क्रमात कोठे बसतो? तो माधुकरी मागत नाही, बोर्डिंगात राहत नाही. तो गावातील प्रतिष्ठित, सधन शेतकऱ्याचा मुलगा आहे. पुण्यातील त्याचे आरंभीचे आयुष्य हे खर्च करणाऱ्याचे आयुष्य आहे. मित्रांचा गोतावळा जमतो, मानाची पदे मिळतात, स्नेहसंमेलनाच्या नाटकाची उठाठेव होते. आणि आपण वापरले गेलो हे त्याच्या लक्षात येते तेव्हा घरच्या पैशालाही ओढ लागलेली असते. कादंबरीतील मोहभंग आणि घरच्या आर्थिक स्थितीतील घसरण एकाच वेळी घडतात ही गोष्ट योगायोगाची नाही. वडील आणि मुलगा यांच्यातील ताणाला पैशाचा अखंड संदर्भ आहे. पांडुरंगाला वडिलांची सत्ता नको आहे, आणि त्या सत्तेतून येणाऱ्या पैशावाचून तिला नाकारण्यासाठी लागणारे अंतर त्याला राखता येत नाही. या पेचाचे नाव 'परात्मता' असे ठेवायला हरकत नाही. मात्र ही परात्मता घरच्या शेतीवर उभी आहे हे त्याच वाक्यात म्हटले पाहिजे.

येथे एक आक्षेप संभवतो. साहित्यकृतीतील एकाकीपणाचा हिशेब असा पैशाच्या वहीत मांडणे म्हणजे कलाकृतीचे अवमूल्यन नव्हे काय? आक्षेप योग्य ठरला असता, जर हा हिशेब समीक्षकाने बाहेरून आणलेला असता. तो कादंबरीतच आहे. 'कोसला'ची श्रेष्ठता यातच आहे की तिचा निवेदक स्वतःला आधुनिक एकाकी नायक म्हणून सादर करत नाही. तो स्वतःलाच हास्यास्पद करतो. आपले दुःख कोणाच्या खर्चाने चालले आहे याचे भान त्याच्या निवेदनातून सतत डोकावते. कादंबरी आपल्या नायकाविषयी जितकी निर्मम आहे तितके तिचे समीक्षक नव्हते. त्यांनी नायकाचे दुःख घेतले आणि त्याच्या खर्चाचा तपशील वगळला.

ही निर्ममता भाषेच्या पातळीवर कशी काम करते ते पाहण्यासारखे आहे. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे या निवेदनातील दोन शब्द वाचकांच्या स्मरणात कायमचे राहिले. पुढे तरुण लेखकांच्या अनुकरणात ते गुळगुळीतही झाले. हे शब्द आले कोठून? 'उदाहरणार्थ' हा पाठ्यपुस्तकाचा, वर्गातील व्याख्यानाचा आणि उत्तरपत्रिकेचा शब्द आहे. आधी सिद्धान्त, मग उदाहरण, अशा मांडणीतला तो दुवा आहे. 'वगैरे' हा शब्द यादी अपुरी राहिली तरी ती पूर्ण समजावी अशी सूट मागतो. खेड्यातून आलेला मुलगा कॉलेजात प्रथम जी भाषा शिकतो ती ही. पांडुरंग ती शिकतो, आणि मग जेथे उदाहरणाची गरजच नाही तेथे 'उदाहरणार्थ' घालतो. जेथे मागे काही उरलेले नाही तेथे 'वगैरे' जोडतो. ज्या सिद्धान्ताचे हे उदाहरण तो सिद्धान्तच नाहीसा झाला आहे, असे त्याचे निवेदन सुचवते. महानगरी विद्येशी जुळवून घेण्याची ही एक विलक्षण रीत आहे : तिची अवजारे हस्तगत करायची आणि ती निकामी असल्याचे वापरूनच दाखवायचे.

परंतु ही रीत कोणाला उपलब्ध आहे? पदवीची थट्टा करण्यासाठी पदवीवाचून जगता येण्याची शक्यता असावी लागते. पांडुरंग नापास होतो आणि परततो; परतण्यासाठी त्याला गाव आहे, घर आहे, शेत आहे. तेथेही तो रमत नाही हे खरे, आणि तेच कादंबरीचे दुःख आहे. तथापि न रमण्यासाठीसुद्धा एक जागा लागते. कोशात शिरणारा किडा कोश स्वतःच विणतो, हे शीर्षकातील प्रतिमेचे सूचन येथे अन्वर्थक ठरते. विणायला लागणारा धागा त्याच्यापाशी असतो.

४

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आणि शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली प्रसिद्ध झाले. यांतील अनुभव एकसारखे नाहीत. शिक्षणासाठी घर सोडण्याचा क्षण कोठे महाविद्यालयाच्या, कोठे त्याआधीच माध्यमिक शाळेच्या टप्प्यावर येतो. पवारांच्या आत्मकथनातील संगमनेरचे बोर्डिंग हे शाळकरी वयातले आहे. पण खेड्यात शाळाच नसते तेथे 'कॉलेजसाठी दूर जाणे' हा टप्पा मध्यमवर्गीय कालगणनेपेक्षा पाचसहा वर्षे आधीच येऊन गेलेला असतो, ही बाबही लक्षणीय आहे.

या आत्मकथनांत भूक हे मध्यवर्ती आशयसूत्र आहे, हे सर्वांनीच नोंदवले आहे. तिचा वसतिगृहाशी असलेला संबंध मात्र पुरेसा पाहिला गेलेला नाही. आईवडिलांवाचून, बहिणीच्या आश्रयाने वाढलेल्या सोनकांबळ्यांच्या निवेदकाला स्वतःचे म्हणावे असे घरच नाही. जेथे तो वाढतो तेथे त्याचा घासही दुसऱ्याच्या तोंडचा आहे. अशा निवेदकाच्या दृष्टीने, दोन वेळच्या अन्नाचा आणि अंथरुणाचा काही भरवसा जेथे मिळतो ते वसतिगृह 'घरापासून दूर' कसे म्हणावे? मध्यमवर्गीय विद्यार्थी-कथनात वसतिगृहाचे बेचव जेवण हे घराच्या आठवणीचे निमित्त असते. आईच्या हातची चव आणि मेसमधील पातळ आमटी हा त्यातील ठरलेला विरोध. तो विरोध या आत्मकथनांत उलटा होतो किंवा विरून जातो. तेथे आठवते ती चव नसते. घरी मागे राहिलेल्यांची उपासमार आठवते, आणि स्वतःच्या ताटातील घास त्या आठवणीने जड होतो. घरच्या आठवणीचे हे दुसरे रूप आहे. त्यात ओढीपेक्षा अपराधाचा अंश अधिक आहे. आपल्या समीक्षेने याला 'सामाजिक वास्तव' म्हटले आणि मनोविश्लेषणाची परिभाषा 'कोसला'साठी राखून ठेवली. अंतर्विश्व एका वर्गाला आणि परिस्थिती दुसऱ्या वर्गाला, अशी ही वाटणी झाली.

उपरोधाच्या स्थानाविषयीही तसेच आहे. या निवेदकांना उपरोध वर्ज्य आहे असे मुळीच नाही. 'बलुतं'चा स्वर अनेक ठिकाणी कमालीचा तिरकस आहे. परंतु हा उपरोध पदवीकडे क्वचितच वळतो. तो गावाकडे, धर्माकडे, स्वतःच्या नव्या पांढरपेशेपणाकडे वळतो. ज्या पदवीवर पुढच्या पिढीची भाकरी अवलंबून आहे तिची थट्टा करणे ही चैन आहे, हे या निवेदकांना न सांगता कळते.

या दोन प्रवाहांतील अंतर एका लहानशा तपशिलातून स्पष्ट होईल. 'कोसला'त स्नेहसंमेलनाचे नाटक हा पोकळ उलाढालीचा उत्कर्षबिंदू आहे. त्यातून हाती काही लागत नाही. आता मिलिंद महाविद्यालयाकडे पाहू. १९५५ साली तेथे प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत सादर झाले. दलित रंगभूमीच्या इतिहासात त्याचे स्थान सर्वमान्य आहे. दोन्हीकडे महाविद्यालयाचाच रंगमंच आणि गावाहून आलेले विद्यार्थी. एकीकडे रंगमंच हे निरर्थकतेचे रूपक ठरते. दुसरीकडे तेथूनच एक साहित्यपरंपरा सुरू होते. पुढे औरंगाबादेतूनच गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' निघाले आणि दलित साहित्याचे ते एक केंद्र बनले, हाही त्याच परिसराचा वारसा. कोणते चित्र 'खरे' असा प्रश्न येथे गैरलागू आहे. दोन्ही खरी आहेत. महाविद्यालयीन जीवन 'मूलतः' निरर्थक किंवा 'मूलतः' मुक्तिदायी असते असे सामान्य विधान करता येत नाही, इतकेच यातून सिद्ध होते.

या दोन टोकांच्या मध्ये आनंद यादव यांचे आत्मकथन उभे आहे. 'झोंबी'मध्ये (१९८७) शिक्षणाला विरोध करते ते घरच. शेतात राबणारा हात कमी होईल म्हणून बाप मुलाची शाळा तोडू पाहतो. येथे घर आहे, शेतही आहे, पण ते मुलाला सोडायला तयार नाही. पुढे उच्च शिक्षणाच्या काळापर्यंत येणाऱ्या खंडाला यादवांनी 'नांगरणी' (१९९०) असे नाव दिले. शिक्षणासाठी घरातून सुटलेला माणूस आपल्या शिक्षणाला शेतीचेच नाव देतो. घर सोडले तरी कष्टाची संकल्पना घरचीच राहते, याची ही भाषिक खूण आहे.

५

घर सोडण्याच्या कथेचा खरा कस लागतो तो परतीच्या प्रसंगी. जुळवून घेण्याची प्रक्रिया दूरच्या गावी पूर्ण होते असे आपण समजतो. पण तिचा हिशेब परतल्यावर चुकता करावा लागतो.

या दृष्टीने एक मूळ संहिता मराठी समीक्षेने अधिक गांभीर्याने वाचावयास हवी. डॉ. आंबेडकरांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे इंग्रजीतील लहानसे आत्मपर लेखन. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनला गेले आणि करारानुसार नोकरीसाठी १९१७ साली बडोद्यास आले. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून टाकली होती, असे ते लिहितात. बडोद्याच्या स्थानकावर उतरल्यावर मात्र पहिला प्रश्न उभा राहिला तो उतरायचे कोठे हा. पारशी नाव सांगून एका पारशी विश्रामगृहात ते राहिले. थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. शहरात आसरा न मिळाल्याने काही तास सार्वजनिक बागेत काढून ते मुंबईला परतले.

घरापासून दूर शिकण्याच्या कथेचा सर्वपरिचित आकृतिबंध येथे पूर्णतः उलटा होतो. त्या आकृतिबंधात परदेश अनोळखी असतो आणि स्वदेश ओळखीचा. दूर गेलेला विद्यार्थी एकटा पडतो आणि परतल्यावर आपल्या माणसांत येतो. येथे हजारो मैलांवरील वसतिगृहात जुळवून घ्यावे लागले नाही असे नव्हे. पण तेथे जुळवून घेणे शक्य होते. आपल्याच देशातील शहरात ते शक्य नव्हते, कारण दुसरी बाजू जुळण्यास तयार नव्हती. शीर्षकातील 'व्हिसा' हा शब्द हीच गोष्ट एका फटक्यात सांगतो. ज्याला परवान्याची गरज परक्या देशात पडावी त्याला ती आपल्या गावात पडते. या संहितेत आत्मकरुणा नाही, सजावट नाही; घटना तारखेवार सांगाव्यात तशा सांगितल्या आहेत. निवेदनाचा हा कोरडेपणा आणि पांडुरंगाचा उपरोध हे दोन्ही भावविवशतेला दिलेले नकारच आहेत. एक नकार साक्षीदाराचा आहे, दुसरा वारसदाराचा.

परतीचा हाच पेच 'बलुतं'मध्ये निवेदनाच्या रचनेतच बसवला आहे. शिकलेला, शहरी, लेखक म्हणून मान्यता पावलेला दया पवार आणि त्याला आपली कहाणी सांगणारा दगडू मारुती पवार अशी दोन माणसे या आत्मकथनाच्या आरंभी समोरासमोर येतात. ती एकच आहेत. ही योजना केवळ चातुर्याची म्हणून वाचणे म्हणजे तिचा अर्थ गमावणे. शिक्षणाने गावाबाहेर नेलेल्या माणसाला 'मी' असे सरळ म्हणता येत नाही. त्याच्या 'मी'ला दोन पत्ते आहेत. 'अक्करमाशी'त तर शाळेच्या पटावर बापाचे नाव कोणते लावायचे येथपासून प्रश्न सुरू होतो. आणि मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनावर लेखकाच्या नावातच आईचे नाव उभे आहे. शिक्षणसंस्थेच्या अर्जात 'कायमचा पत्ता' आणि 'वडिलांचे नाव' असे जे रकाने असतात ते भरता येणे ही साधी गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठीच 'घरापासून दूर' हा शब्दप्रयोग निःसंदिग्ध असतो.

६

आतापर्यंतचे सर्व निवेदक पुरुष आहेत. स्त्रीच्या संदर्भात आणखी एक अट पुढे येते. आनंदीबाई जोशी १८८३ साली एकट्या अमेरिकेस निघाल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली पदवीधर झाल्या आणि परतल्यावर काही महिन्यांतच, १८८७ च्या फेब्रुवारीत, निवर्तल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे बंगालमध्ये केलेल्या जाहीर भाषणात आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ अशी ग्वाही त्यांना द्यावी लागली. घर सोडणाऱ्या पुरुषाला 'तू कोण होऊन येशील?' असे विचारले जाते. स्त्रीकडून मात्र काहीही न होता परत येण्याचे आश्वासन घेतले जाते. थंड हवेच्या परक्या शहरात अन्न, वस्त्र, आचार यांविषयी तिने केलेली प्रत्येक तडजोड या ग्वाहीच्या तराजूत तोलली जाणार होती. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या कादंबरीचे शीर्षक 'आनंदी गोपाळ' असे आहे. दूर गेलेल्या विद्यार्थिनीची कथा सांगतानाही आपल्या कल्पनाशक्तीला दाम्पत्याची चौकट सोडवली नाही, असा त्याचा एक अर्थ होतो. आनंदीबाईंचे विद्यार्थिनीपण तेथे पतीशी असलेल्या नात्याच्या प्रकाशात उजळते. स्वतंत्रपणे ते तितकेसे दिसत नाही.

उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) हाच प्रश्न वेगळ्या रीतीने येतो. रत्नागिरीकडून मुंबईस आलेली निवेदिका नोकरी आणि संसार सांभाळत उच्च शिक्षण घेते. येथे विद्यापीठ दूर नाही. दुर्मीळ आहे ते अंतर. घर तिच्याबरोबर वर्गापर्यंत येते आणि वर्ग सुटल्यावर वाट पाहत उभे असते. मग लक्षात येते की, घरापासून दूर असण्याचे ज्याला आपण दुःख म्हणतो तो अनेकींच्या बाबतीत न मिळालेला अधिकार आहे. वसतिगृहातील एकाकी संध्याकाळ ही ज्यांच्या वाट्याला आली त्यांनी तिच्यावर कादंबऱ्या लिहिल्या. ज्यांच्या वाट्याला ती आली नाही त्यांच्या अभावाला मराठी कादंबरीत नाव मिळायला फार उशीर लागला.

७

या विवेचनातून 'कोसला'चे मोल कमी होत नाही. उलट तिच्यावर लादलेल्या प्रातिनिधिकतेचे ओझे उतरते. पांडुरंग सांगवीकर हा सर्वकालीन एकाकी मानव नव्हे. स्वातंत्र्योत्तर काळात खेड्यातील सधन शेतकरी घरांतून उच्च शिक्षणात आलेल्या पिढीचा तो असामान्य प्रामाणिक साक्षीदार आहे. त्याच्या विशिष्टतेतच त्याचे सामर्थ्य आहे. नेमाडे यांनी पुढे देशीयतेची भूमिका आग्रहाने मांडली आणि २०१० सालच्या 'हिंदू'मध्ये संशोधनासाठी दूर गेलेल्या खंडेरावाला पुन्हा घराकडेच आणले. हा प्रवास पाहता परतीचा प्रश्न त्यांच्या लेखनात प्रथमपासूनच केंद्रस्थानी होता असे म्हणता येते. परंतु 'देशी' म्हणून ज्या घराकडे परतायचे त्या घराच्या उंबऱ्याबाहेर कोण उभे होते, हा प्रश्न सोनकांबळे, पवार आणि लिंबाळे यांच्या संहिता त्या घरालाच विचारतात. देशीयतेच्या चर्चेत या प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी त्याला 'वेगळा प्रवाह' म्हणून बाजूला काढले गेले, ही आपल्या समीक्षाव्यवहाराची उणीव आहे.

परगावी शिकायला जाणाऱ्या तरुणांची संख्या आज कितीतरी पटींनी वाढली आहे. पुण्याच्या पेठांतून स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, कॉट बेसिसवरील खोल्या आणि महिन्याच्या मेसचे डबे यांवर एक संपूर्ण पिढी दिवस काढते आहे. तिची कथा कोणी लिहू लागेल तेव्हा 'परात्मता' हा तयार शब्द आपण तिच्या हाती घाईने देऊ नये. त्या निवेदकाला तीन साधे प्रश्न विचारावेत : मेसचे पैसे कोण भरते, अर्जावर कायमचा पत्ता कोणता लिहिला आहे, आणि नापास झाल्यास जायचे कोठे? या प्रश्नांची उत्तरे संहितेबाहेर शोधावी लागत नाहीत. वाक्याच्या वळणात, उपरोधाच्या दिशेत, शेवटच्या प्रकरणाच्या स्थळात ती लिहिलेली असतात. त्यासाठी आपण बंद केलेले मधले दार तेवढे उघडावे लागेल.